बॉटम शंभरला येईना: एका मिथेनॉल कॉलमचं प्रकरण

देशावरच्या एका एमआयडीसीत मध्यम आकाराची केमिकल कंपनी आहे. नाव सांगत नाही, आणि तसंही या प्रकरणातली मोठी चूक कंपनीची नव्हती, माझी होती. एका प्रॉडक्टच्या क्रिस्टलायझेशननंतर त्यांच्याकडे जे मदर लिकर, म्हणजे स्फटिक काढून घेतल्यावरचं द्रावण, उरायचं त्यात मिथेनॉल आणि पाणी, बाकी फारसं काही नाही. दिवसाला साधारण २० टन. आधी ते एका जुन्या रिॲक्टरच्या डोक्यावर छोटासा कॉलम (ऊर्ध्वपातनाचा उभा मनोरा) बसवून बॅचमध्ये उकळायचे, तिन्ही शिफ्टची माणसं त्यातच अडकलेली, शेवटी शेवटी मिथेनॉल पातळ यायला लागलं की तो कट वेगळ्या ड्रममध्ये काढायचा, पुढच्या बॅचमध्ये घालायचा, परत तेच. शेठ म्हणाले, आता हे कंटिन्युअस करून टाका, तासाला हजार किलो, वरून ९९ टक्के मिथेनॉल पाहिजे कारण ते परत त्याच रिॲक्शनला जाणार, आणि खालून जे पाणी जाईल त्यात मिथेनॉल हजार पीपीएमच्या, म्हणजे ०.१ टक्क्याच्या, आत.

हा हजारचा आकडा हवेतून आलेला नव्हता. एक ग्रॅम मिथेनॉल जळायला दीड ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे पाण्यात हजार पीपीएम मिथेनॉल राहिलं तरी सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) १५०० येतो, आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा २५०. मधलं अंतर ईटीपीने, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटने, कापायचं. त्यांच्या ईटीपीच्या माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, दीड हजारापर्यंत मी बघतो, त्याच्या वर माझे बॅक्टेरिया मरतात आणि मग मला फोन करू नका.

डिझाइन सुरू करायच्या आधी मी एक गोष्ट बरोबर केली, ती सांगून टाकतो कारण पुढे सगळी चूकच आहे. मला तोंडी सांगितलं होतं फीडमध्ये, म्हणजे कॉलमला जाणाऱ्या मालात, मिथेनॉल ४० टक्के. मी पंधरा दिवस रोज सॅम्पल काढायला लावलं तर ३१ पासून ४६ पर्यंत काहीही येत होतं, कुठली बॅच धुतली, किती पाणी मारलं त्याप्रमाणे. सरासरी मात्र खरंच ४० च्या जवळ. म्हणून कॉलमच्या आधी दोन दिवसांचा माल मावेल अशी टाकी आणि त्यात सर्क्युलेशन, हे पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये घातलं. शेठना तो खर्च फुकटचा वाटला, दोन मीटिंगा त्यावरच गेल्या. पण कंटिन्युअस कॉलमला रोज वेगळं जेवण घातलं तर तो स्थिर होईपर्यंत फीड परत बदललेलं असतं, त्यापेक्षा बॅचच बरी.

आता हिशोब. ४० टक्के वजनाने म्हणजे मोलमध्ये, रेणूंच्या संख्येने, २७.३ टक्के, कारण मिथेनॉलचा रेणू ३२ चा आणि पाण्याचा १८ चा. इथेच नवीन मुलं घोळ करतात, ग्राफ मोल फ्रॅक्शनचा आणि आकडे वजनाचे. एकूण फीड तासाला ४५.८ किलोमोल. वर ९९ टक्के वजनाने म्हणजे मोलने ०.९८२, खाली हजार पीपीएम म्हणजे ०.०००५६. बॅलन्स मांडला की वर ४०३ किलो आणि खाली ५९७ किलो, मोलमध्ये १२.७ आणि ३३.१.

मिथेनॉल-पाणी ही जोडी तशी गुणी आहे. इथेनॉलसारखा ॲझिओट्रोप (उकळून पुढे वेगळं न होणारं मिश्रण) नाही, त्यामुळे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ९५-९६ टक्क्यांना जी भिंत लागते आणि मग मॉलिक्युलर सिव्ह बसवावी लागते तसलं काही नाही, कॉलम पुरेसा उंच असेल तर जवळजवळ शुद्ध मिथेनॉल सरळ निघतं. पण एक खोड आहे. तळाशी, जिथे जवळपास सगळं पाणीच आहे, तिथे मिथेनॉल पाण्यापेक्षा सातपटीहून जास्त उडतं, आणि वर पोचल्यावर तेच प्रमाण अडीचवर येतं. म्हणजे खाली काम झपाट्याने होतं आणि वर रांगत. म्हणून सरासरी व्होलॅटिलिटी धरून सूत्रात टाकायचा शॉर्टकट इथे फक्त अंदाजापुरता, फेन्स्केच्या सूत्राने कमीत कमी स्टेज, म्हणजे बाष्प आणि द्रव समतोलात येण्याच्या पायऱ्या, आठच्या आसपास येतात, खरा आकडा काढायचा तर ग्राफच काढावा.

मॅकेब आणि थीली यांनी १९२५ मध्ये ही पायऱ्यांची पद्धत दिली, शंभर वर्षं झाली, आणि आज सिम्युलेटर असतानाही मी आधी कागदावर पायऱ्या मारतो. सिम्युलेटर उत्तर देतो, ग्राफ कारण दाखवतो. फीड उकळबिंदूला गरम करून आत सोडायचं धरलं तर फीड लाइन उभी. ०.२७३ वर बाष्पाचा इक्विलिब्रियम आकडा ०.६४४ च्या आसपास, त्यावरून मिनिमम रिफ्लक्स रेशो (थंड करून वरून परत कॉलममध्ये सोडलेला माल भागिले बाहेर काढलेला माल) ०.९१ निघाला. बाकी ठिकाणी रेषा वक्राला टेकत नाही ना हे पण बघून घ्यायचं, इथे टेकत नव्हती. साधारणपणे मिनिममच्या १.२ ते १.५ पट रिफ्लक्स घेतात. मी १.३ घेतला, म्हणजे १.४ पटीच्या थोडं वर. शेठचा पहिला प्रश्न, अजून कमी का नाही, स्टीम वाचेल. बरोबर आहे, स्टीम रिफ्लक्स अधिक एक या हिशोबाने चालते, १.३ चा २.० केला तर बाष्प ३० टक्के वाढतं. पण मिनिममला चिकटून बसलो तर पायऱ्या फीडजवळ बारीक बारीक होत जातात आणि फीडमध्ये थोडा जरी फरक पडला की काम संपलं.

पायऱ्या मारल्या. वरून पहिल्या चार-पाच पायऱ्यांना तर दम लागतो, ९९ टक्क्यांवरून उतरताना एकेका पायरीला मोल फ्रॅक्शन दोन-चार टक्केच हलतो. नवव्या पायरीला ०.२९, दहाव्याला ०.२१, म्हणजे फीड दहाव्यावर. त्याच्या खाली मात्र उतारच, ०.१२, ०.०४६, ०.०१४, ०.००४, ०.००१, आणि सोळाव्या पायरीत ०.०००५६ ओलांडलं. सोळावी पायरी म्हणजे रिबॉयलर, तळाचा माल स्टीमने उकळणारं भांडं. तर कॉलममध्ये १५ थिऑरेटिकल स्टेज. खालचे हे आकडे लक्षात ठेवा, ०.१२ वरून ०.०४६ ची उडी, पुढे तीच कामाला आली.

आत आडवे ट्रे लावायचे का पॅकिंग (बाष्प आणि द्रव भेटवायला आत भरलेले पत्रे) हा प्रश्न साइजनेच सोडवला. ओकॉनेलच्या कोरिलेशनने ट्रेची एफिशिएन्सी ४५ टक्के येत होती, म्हणजे ३३ ट्रे, आणि डायमीटर येत होता ४५० मिलिमीटर. साडेचारशेच्या नळकांड्यात माणूस शिरू शकत नाही, ट्रे बसवणार कोण आणि साफ करणार कोण. कार्ट्रिज ट्रे असतात पण ते परत सगळं उपसून काढायचं. म्हणून एसएसचं पत्र्याचं स्ट्रक्चर्ड पॅकिंग घेतलं, घनमीटरला २५० चौरस मीटरवालं. बाष्प तासाला २९.२ किलोमोल, वरच्या टोकाला घनता १.१५, म्हणजे ८१० घनमीटर. ४०० मिलिमीटरच्या कॉलममध्ये वेग १.८ मीटर, एफ फॅक्टर (वेग गुणिले घनतेचं वर्गमूळ) १.९, फ्लडिंगपासून, म्हणजे कॉलम तुंबण्यापासून, बरंच लांब. उंचीसाठी वर एका स्टेजला ४५ सेंटिमीटर धरले, वरच्या बेडला ५ मीटर दिले. खाली जास्त धरले कारण जवळपास शुद्ध पाणी पत्र्यावर नीट पसरत नाही, त्याचे ओघळ होतात, तिथे ४ मीटर. मध्ये फीडचा डिस्ट्रिब्युटर, वर रिफ्लक्सचा डिस्ट्रिब्युटर, दोन्ही लेव्हलमध्ये बसवायला मी स्वतः स्पिरिट लेव्हल घेऊन वर चढलो. वरून पडणारं लिक्विड तासाला जेमतेम ७०० लिटर, म्हणजे दोन बादल्या मिनिटालासुद्धा नाहीत, तेवढंसं पाणी सगळ्या आडव्या छेदात सारखं वाटायचं तर डिस्ट्रिब्युटर दोन मिलिमीटर कलला तरी एक बाजू कोरडी.

खालच्या बेडला थोडं जास्त दिल्याचं अजून एक कारण होतं. मॅकेब-थीलीच्या पायऱ्यांमध्ये असं धरलेलं असतं की एक किलोमोल पाणी उडवायला आणि एक किलोमोल मिथेनॉल उडवायला उष्णता सारखीच लागते. ती सारखी नाही. मिथेनॉलला ३५ मेगाज्यूल, पाण्याला जवळपास ४१. कंडेन्सरवरून हिशोब केला तर २८५ किलोवॅट, त्यात फीड, वरचा आणि खालचा माल यांचा फरक धरला की रिबॉयलरला २९५ किलोवॅट पुरतात. पण २९५ किलोवॅटमध्ये पाण्याचं बाष्प २६ किलोमोलच होतं, ग्राफमध्ये धरलेले २९ नाही. म्हणजे तळाला प्रत्यक्षात बाष्प दहा टक्के कमी आहे आणि खाली एखाद-दीड स्टेज जास्त लागणार. सिम्युलेटरने तेच दाखवलं. स्टीम ३ बारला तासाला साधारण ५०० किलो, म्हणजे किलोभर मिथेनॉलला सव्वा किलो स्टीम. बॉटमचं गरम पाणी फीडला ३० वरून ६८ पर्यंत आणतं, बाकीचे दहाएक डिग्री छोट्या हीटरवर.

बाकीच्या गोष्टी पटकन. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११ डिग्री, म्हणजे आपल्याकडे थंडीतल्या दुपारीसुद्धा तो कायम पेट घ्यायच्या तयारीत, आणि उजेडात त्याची ज्वाळा दिसत नाही. त्यामुळे स्ट्रक्चर उघड्यावर, मोटारी फ्लेमप्रूफ, व्हेंटला फ्लेम अरेस्टर आणि पुढे पाण्याचा स्क्रबर. यात कोणी घासाघीस केली नाही, हे त्यांच्या सेफ्टीवाल्याचं श्रेय.

दोन ठिकाणी मात्र माझं लक्ष नव्हतं. एक, रिबॉयलर. शेठ म्हणाले पुढे एक्सपान्शन आहे, दीडपट घ्या, मी म्हटलं घ्या, मोठा रिबॉयलर कुणाला त्रास देतो. दुसरं, एसओपी, म्हणजे ऑपरेटरसाठीच्या लेखी सूचना. आदल्या वर्षी मी कोकणात, अगदी खाडीकाठच्या एका प्लांटला असाच कॉलम करून दिला होता, तो मस्त चालला होता. त्याची एसओपी उघडली, टॅग नंबर बदलले, फीड रेट बदलला, प्रिंट मारली. त्यात दोन ओळी होत्या: बॉटम टेम्परेचर १०० आल्याशिवाय ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडू नये, आणि टॉप टेम्परेचर ६५ च्या वर जाऊ देऊ नये.

कमिशनिंगला पहिले दोन दिवस नुसत्या पाण्यावर गेले, लीक, गास्केट, पंपाचा सील, नेहमीचं. तेव्हा बॉटम ९८ दाखवत होता आणि इन्स्ट्रुमेंटवाला म्हणाला आरटीडी (टेम्परेचरचा सेन्सर) दीड-दोन डिग्री कमी दाखवतोय, नंतर कॅलिब्रेट करू. मी हो म्हटलं. आता आठवलं की डोक्यावर हात मारावासा वाटतो, कारण उत्तर तिथेच समोर उकळत होतं.

तिसऱ्या दिवशी फीड घेतलं. रिफ्लक्स लागला, टॉप ६३.५ वर येऊन बसला, सगळे खूश. बॉटम ९८.६. ऑपरेटर म्हणजे तिथले सगळ्यात जुने, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी एसओपी भिंतीवर चिकटवलेली, बोट ठेवून वाचतात. शंभर आलं नाही म्हणून स्टीम थोडी वाढवली. ९८.६. अजून वाढवली. ९८.७. रिबॉयलर दीडपट, देतोय बिचारा. रात्री दोनच्या सुमाराला स्टीम ७५० किलोच्या पुढे गेली आणि बॉटम एकदम चढायला लागला, ९९.३, ९९.६, ९९.९, परत ९९.४. मामांनी डायरीत लिहिलं, 'बॉटम शंभरच्या जवळ आला, ड्रेन चालू केला'. सकाळी लॅबचे रिपोर्ट आले. बॉटममध्ये मिथेनॉल ०.७ टक्के, म्हणजे सात हजार पीपीएम, आणि वरचं मिथेनॉल केएफवर (कार्ल फिशर, पाणी मोजायची टेस्ट) ९६ टक्के. ईटीपीवाल्याचा फोन आठ वाजता आला, त्याने काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही, पण सीओडी दहा हजार म्हणजे त्याचंही बरोबरच होतं.

मग सगळ्यांनी सगळं सुचवलं. पॅकिंग कमी पडलं. डिस्ट्रिब्युटर वाकडा झाला असेल. पॅकिंगवाल्याने फसवलं. एकजण म्हणाला ॲझिओट्रोप असेल, त्याला चहा पाजून बाहेर पाठवलं. मला स्वतःला पहिले चार तास वाटत होतं की खालच्या बेडमध्ये लिक्विड एका बाजूने पळतंय. पण तसं असतं तर रिफ्लक्स वाढवून वरचं मिथेनॉल तरी सुधारायला हवं होतं, आणि इथे स्टीम जितकी जास्त तितकं वरचंही खराब आणि खालचंही खराब. दोन्ही टोकं एकदम बिघडतायत आणि स्टीम नेहमीपेक्षा दीडपट, ही कॉलम तुंबल्याची खूण आहे. बाष्प वरून येणाऱ्या लिक्विडला खाली उतरूच देत नाही, पॅकिंगमध्ये ते लिक्विड साठत जातं, मग बाष्प त्या साठलेल्या लिक्विडमधून बुडबुडत वर जातं आणि खालचं वर, वरचं खाली अशी खिचडी होते, पायऱ्या वगैरे काही राहत नाहीत. कॉलमला कान लावला तर आतून गुरगुर येत होती, हंडा भरताना शेवटी येते तशी.

डीपी ट्रान्समीटर (कॉलमच्या तळ आणि वरच्या दाबातला फरक दाखवणारा) यायचा होता, आला नव्हता. मामांनी स्टोअरमधून पारदर्शक लेव्हल ट्यूब आणली, तळाच्या एका व्हेंट नोझलला जोडून यू केला, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि शेजारी पट्टी बांधली. दुसरं टोक उघडं ठेवलं, हवेवर. माझ्या डिझाइनप्रमाणे नऊ मीटर पॅकिंगला १८ मिलिबार, म्हणजे पाण्याचे अठरा-वीस सेंटिमीटर दिसायला हवे होते. तिथे पाणी सत्तर ते नव्वद सेंटिमीटरच्या मध्ये नाचत होतं. आणि मजा म्हणजे ट्यूब सत्तरला असताना पॅनेलवर ९९.४ आणि नव्वदला गेली की ९९.९, जसं पाणी नाचतं तसं टेम्परेचर नाचतं. ते दहा मिनिटं बघितल्यावर डोक्यात उजेड पडायला लागला की हे टेम्परेचर मिथेनॉल किती आहे ते सांगतच नाहीये, हे फक्त तळाचं प्रेशर सांगतंय.

तरीही शंभर का येत नव्हतं हे कळलं लॅबमध्ये. तिथल्या केमिस्ट मॅडमना म्हटलं, एका बीकरमध्ये साधं डिस्टिल्ड वॉटर उकळा आणि थर्मामीटर घाला. त्या हसल्या, म्हणाल्या, सर, आमच्याकडे पाणी ९८ लाच उकळतं, मी जॉइन झाल्यावर थर्मामीटर खराब म्हणून दोन बदलून झाले.

गाव समुद्रसपाटीपासून साधारण पुण्याइतकंच उंच, साडेपाचशे मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब १०१३ नसतो, ९४८ मिलिबारच्या आसपास असतो, आणि त्या दाबाला पाणी ९८.१ ला उकळतं. शाळेत शिकलेलं, डोंगरावर डाळ शिजत नाही. खाडीकाठच्या प्लांटला १०० हा आकडा बरोबर होता, तो घाटावर आणल्याबरोबर खोटा झाला. इथे कॉलम व्यवस्थित चालत असताना तळाला ९४८ अधिक १८, म्हणजे ९६६ मिलिबार, आणि त्याला शुद्ध पाण्याचा उकळबिंदू ९८.७. मामांना पहिल्या संध्याकाळी जो ९८.६ दिसत होता तो अगदी बरोबर होता, त्या वेळी बॉटम बहुतेक स्पेकमध्येच असणार. एसओपीने त्यांना शंभर आणायला लावलं, आणि या कॉलममध्ये शंभर आणायचा एकच मार्ग होता, तुंबवून तळाचं प्रेशर चढवायचं. म्हणजे मी लेखी सूचना देऊन कॉलम फ्लड करवला होता.

आकड्यात बघा कसं फसतं ते. बॉटममध्ये मिथेनॉल ०.१ टक्क्यावरून १ टक्क्यावर गेलं, दहापट, तर टेम्परेचर उतरतं फक्त ०.९ डिग्री. आणि तळाचं प्रेशर ३६ मिलिबार वाढलं की टेम्परेचर चढतं एक डिग्री. म्हणजे हलकं फ्लडिंग झालं तरी एक टक्का मिथेनॉल थर्मामीटरला दिसणारच नाही. वरच्या टोकाचंही तेच. ९४८ मिलिबारला मिथेनॉल ६४.५ ला नाही तर ६२.८ ला उकळतं. तेव्हा 'टॉप ६५ च्या खाली' ही अट पाळूनही ९९ टक्क्यांच्या बराच खालचा माल आरामात बाहेर पडू शकतो. आमचं ९६ टक्के ६३.६ ला निघत होतं आणि एसओपीप्रमाणे ते उत्तम होतं. खालची अट कधीच पुरी होणार नाही अशी, वरची अट कधीच मोडणार नाही अशी.

एक प्रश्न मला नंतर आमच्याच ऑफिसमधल्या मुलाने विचारला, की मग डिझाइनसुद्धा ९४८ ला करायला हवं होतं ना. हवं होतं, पण तिथे फरक नगण्य आहे. इतक्याशा दाबाने इक्विलिब्रियमचा वक्र जवळपास हलत नाही, पायऱ्या तेवढ्याच, बाष्प थोडं विरळ होतं म्हणून एफ फॅक्टर तीन-चार टक्के वाढतो, १.९ चा २.० होतो. डायमीटर तोच राहतो. म्हणूनच कोणी त्याकडे बघत नाही, मीही नाही बघितलं. डिझाइनला जो फरक चिल्लर असतो तो दीड-दोन डिग्रीच्या रूपात ऑपरेटरच्या भिंतीवर जाऊन बसतो, आणि तिथे अख्ख्या कॉलमचा निर्णय एका डिग्रीवर असतो.

दुरुस्ती त्या मानाने साधी निघाली. पहिलं म्हणजे स्टीम बंद करून अर्धा तास कॉलम रिकामा होऊ दिला, परत सुरू करून स्टीम ५२० वर बांधली आणि बॉटम टेम्परेचरकडे कोणी बघायचंच नाही असं सांगितलं. चार तासांत यू-ट्यूब वीस सेंटिमीटरवर शांत. संध्याकाळच्या सॅम्पलमध्ये बॉटम १४०० पीपीएम, वर ९८.८. जवळ आलो.

पण स्टीम नुसती एका आकड्यावर बांधून ठेवणं म्हणजे फीड बदललं की परत बोंब. कंट्रोलला खरं टेम्परेचर पाहिजे होतं, आणि ते तळाला नाही, जिथे मिथेनॉल झपाट्याने गळून पडतं तिथे. मघाशी म्हटलेली उडी आठवा, ०.१२ वरून ०.०४६. एवढ्या एका पायरीत उकळबिंदू सहा डिग्रीने चढतो. खालच्या बेडच्या साधारण मध्यावर हा पट्टा येतो. मिथेनॉल खाली सरकायला लागलं की तिथलं टेम्परेचर ९० वरून ८५ वर पडतं, लगेच दिसतं, आणि पाच-दहा मिलिबार इकडेतिकडे झाले तर पाव डिग्रीचा फरक, जो पाच डिग्रीपुढे कोणी मोजत नाही. नशीब असं की ड्रॉइंगमध्ये त्या उंचीवर मी एक जादा नोझल ठेवलं होतं आणि कॉस्ट कटिंगमध्ये त्याची थर्मोवेल (सेन्सर घालायची बंद नळी) उडवली होती, नोझल ब्लाइंड मारून तसंच राहिलं होतं. प्लांट एक दिवस थांबवला, नायट्रोजन मारून घेतला, ब्लाइंड काढून दोन थरांच्या सांध्यात जाईल अशी बारीक थर्मोवेल घातली, स्टीमचा कंट्रोल त्या पॉइंटवर नेला, सेट पॉइंट ९०.

त्यानंतरच्या आठवड्यात बॉटम सातशे ते नऊशे पीपीएम, वर ९९ च्या किंचित वर, स्टीम ५१०-५३०. टाकीत फीड ३७ वरून ४२ ला गेलं तेव्हा मध्यावरचं टेम्परेचर दोन डिग्री हललं आणि अर्ध्या तासात परत जागेवर. नवीन एसओपीत बॉटम टेम्परेचरची ओळ पूर्ण काढली, त्याऐवजी डीपी ३० मिलिबारच्या वर गेला तर स्टीम कमी करा, आणि वरच्या मालाचं केएफ दर चार तासांनी. टॉपचा आकडा ६३.१ लिहिला आणि कंसात 'या प्लांटसाठी' असं मामांनीच पेनाने लिहून टाकलं. खाडीकाठच्या प्लांटला मी फोन करून विचारलं तुमचा बॉटम किती असतो, तर तिकडे आरामात १००.४.

एक दुखणं अजून बाकी आहे. रिबॉयलर दीडपट असल्यामुळे स्टीमचा कंट्रोल व्हॉल्व्ह वीस टक्क्यांच्या आसपासच उघडा असतो, जरा हलला की स्टीम पन्नास किलोने वरखाली, मध्यावरचं टेम्परेचर दर दहा-बारा मिनिटांनी डोलतं. व्हॉल्व्हच्या आत बसणारी लहान ट्रिम मागवलीय, पुढच्या शटडाउनला बसेल. शेठचं एक्सपान्शन काही अजून आलेलं नाही. डीपी ट्रान्समीटर आला, लागला, पॅनेलवर आकडा दाखवतो, तरी यू-ट्यूब मामांनी काढू दिलेली नाही, त्यात आता लाल रंगाचं पाणी आहे आणि पट्टीवर वीस आणि तीसला दोन खुणा.